शनिवारची बरोबरी, सोमवारचा विजेता

स्वेटरवर भागणार नाही. गुडघ्याखाली येणारा जाड लोकरी ओव्हरकोट चढवा, कानटोपी ओढून घ्या, पायांत दोन-दोन मोजे घाला. झालं? मग चला, 1966 सालच्या नोव्हेंबरात. तारीख 19, वार शनिवार. अमेरिकेतलं मिशिगन राज्य, त्यातलं ईस्ट लान्सिंग हे विद्यापीठाचं गाव. तुमचे बूट टेकलेत ते रेड सीडर नदीच्या काठावर. गवत ओलं आणि ताठ आहे, आभाळ राखाडी, आणि पहिलाच श्वास नाकात टोचतो. पारा गोठणबिंदूच्या आसपास रेंगाळतोय. घाबरू नका, पाच मिनिटांत तुम्हाला उकडायला लागेल. कारण मागून गर्दी येतेय.

या गर्दीत शिरायचं की नाही हे तुमच्या हातात नाही. ती तुम्हाला उचलूनच घेते. हिरवे-पांढरे स्कार्फ, हिरवे-पांढरे पोंपोन, कपाटातून आजच काढलेले आणि डांबरगोळ्यांचा वास मारणारे कोट. कुणाच्या तोंडात पाइप, कुणाच्या चिरूट. रस्त्याकडेच्या हिरवळीवर लांबलचक मोटारी मागच्या फळ्या खाली पाडून उभ्या आहेत आणि त्या फळ्यांवर जेवणं मांडली आहेत. तळलेली कोंबडी, अंड्याची सँडविचेस, थर्मासमधली कॉफी. ज्या कपातून कॉफीचा वास येत नाही त्यात काय आहे ते विचारू नका. एक ठेंगणी, लाल नाकाची आजीबाई तुमच्याकडे बघते, तुम्ही कुठले, इथे कसे, काही विचारत नाही, आणि एक कागदी कप तुमच्या हातात कोंबते. सफरचंदाचा गरम रस आहे, दालचिनी घातलेला. घ्या, बोटं शेकतील.

तिच्या कोटावर एक बिल्ला आहे. त्यावर लिहिलंय, ‘किल, बब्बा, किल’. मार, बब्बा, मार! आजीबाईंच्या छातीवर हे वाचून तुम्ही दचकाल. पण आज इथे सगळेच हे म्हणतायत, नातवंडांपासून प्राध्यापकांपर्यंत.

हा बब्बा कोण ते थोड्याच वेळात दिसेल. आधी आत चला. तिकीट तुमच्या डाव्या खिशात आहे, त्यावरचा हात काढू नका. स्पार्टन स्टेडियमची क्षमता 76 हजारांची, आणि आज आत बसणार आहेत 80,011 माणसं. म्हणजे तुमच्या बाकावरचा गृहस्थ निम्मा तुमच्या मांडीवर आहे आणि तुम्ही निम्मे पलीकडच्या मुलीच्या घोंगडीत. कुणाची तक्रार नाही. खालून ब्रास बँडचा पहिला सूर येतो, आणि तो कानांनी ऐकू येण्याआधी बाकाच्या फळीतून तुमच्या पाठीच्या कण्यात चढतो. ढोल वाजले की फुप्फुसं थरथरतात. सिगारेटचा धूर, सॉसेज भाजल्याचा वास, ओल्या लोकरीचा वास, शेजाऱ्याच्या चपट्या बाटलीतल्या बूर्बाँचा वास. माझं ऐका, नाकाने हे सगळं एकदमच ओढा. थंडीत वास पटकन विरतात.

आता काय चाललंय ते सांगतो, कारण बँड थांबला की मला बोलता येणार नाही.

आज इथे देशातला पहिल्या क्रमांकाचा संघ दुसऱ्या क्रमांकाच्या संघाशी खेळणार आहे. पहिला नोटर डेम, इंडियानातल्या साउथ बेंड गावचं कॅथलिक विद्यापीठ. आठ सामने खेळले, आठही जिंकले. दुसरा यजमान मिशिगन स्टेट. नऊ खेळले, नऊ जिंकले. दोघांत कोण श्रेष्ठ ते आज ठरेल, असं या 80 हजार माणसांना वाटतंय. मलाही तसंच वाटायला हवं होतं. पण एक अडचण आहे. हे पहिले-दुसरे क्रमांक खेळून ठरलेले नाहीत, आणि विजेतेपदही खेळून ठरणार नाही. ते मतांनी ठरणार आहे.

समजा, गावच्या जत्रेत दोन नामांकित मल्लांची कुस्ती बरोबरीत सुटली. पंच म्हणाले, पुन्हा जोड लावायची नाही. गदा कुणाला द्यायची ते वर्तमानपत्रांचे बातमीदार सोमवारी तारेने कळवतील. मैदानातली माणसं काय करतील? अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये मात्र 1936 पासून नेमकं हेच चालू आहे. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था दर आठवड्याला देशभरच्या पन्नासेक पत्रकारांकडून दहा-दहा संघांच्या याद्या मागवते, गुण मोजते आणि क्रमवारी छापते. युनायटेड प्रेस ही दुसरी वृत्तसंस्था 1950 पासून तेच काम प्रशिक्षकांच्या मतांवर करते. त्यातल्या काहींचे स्वतःचे संघ त्याच यादीत असतात! कॉलेजांच्या खेळांचा कारभार बघणारी एनसीएए बाकी खेळांचे विजेते रीतसर स्पर्धा घेऊन ठरवते. फुटबॉलच्या सर्वांत वरच्या गटात मात्र तिने कधीच कुणाला विजेता म्हटलेलं नाही. म्हणून मोसमाच्या शेवटच्या यादीत जो वर, तो राष्ट्रीय विजेता. देशातल्या बहुतेक मतदारांनी बहुतेक संघांना खेळताना पाहिलेलंच नसतं. दूरचित्रवाणीवर आठवड्याला मोजके सामने, बाकी सगळं रेडिओ आणि दुसऱ्या दिवशीचं छापील वर्णन.

आजचा सामनासुद्धा सगळ्या देशाला दिसू नये असा नियम आडवा आला होता. एका संघाने मोसमात किती वेळा देशभर दिसावं यावर बंधन, आणि नोटर डेमचा वाटा आधीच वापरून झालेला. लोकांनी एबीसी वाहिनीकडे पत्रांचा आणि सह्यांचा पाऊस पाडला, तेव्हा तोडगा निघाला. बहुतेक देशाला थेट, उरलेल्या भागाला रेकॉर्ड करून उशिरा. हवाई बेटांपर्यंत तो उपग्रहावरून जाणार आहे. तीन कोटींहून जास्त माणसं पडद्याला डोळे लावून बसली आहेत.

आले! उठा, उठा, सगळे उठलेत.

तो बघा, 95 क्रमांकाचा. उंची 6 फूट 7 इंच, आणि रुंदीची कल्पना यायची तर त्याच्या शेजारी उभा असलेला पंच बघा. तो बब्बा स्मिथ. ओळखीचा वाटतो? वाटणारच. पुढे काही वर्षांनी ‘पोलीस अकॅडमी’ सिनेमांतला तो अवाढव्य, मितभाषी हायटॉवर म्हणून तुम्ही त्याला बघितलंय. आज तो एकवीस वर्षांचा आहे आणि टेक्सासातल्या बोमाँट गावाहून इथे आलाय. घराजवळच्या मोठ्या विद्यापीठाच्या संघात काळ्या मुलाला जागा नव्हती, म्हणून एवढ्या लांब, एवढ्या थंडीत. त्याच्या बाजूचा जॉर्ज वेबस्टर दक्षिण कॅरोलायनाचा, क्वार्टरबॅक, म्हणजे चाल चालवणारा आणि चेंडू फेकणारा, जिमी रे उत्तर कॅरोलायनाचा. प्रशिक्षक डफी डॉगर्टी यांनी दक्षिणेच्या बंद दारांबाहेर उभी असलेली गुणी पोरं एकेक करून इथे आणली आहेत. तुमच्या शेजारचा गृहस्थ हे बोलत नाही. तो फक्त ‘बब्बा’ म्हणून ओरडतो, आणि त्याचा आवाज फाटतो.

समोरच्या सोनेरी शिरस्त्राणांच्या संघात एकच काळा खेळाडू आहे, ॲलन पेज. त्याचा चेहरा लक्षात ठेवा. हा पुढे मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश होणार आहे.

खेळाचे नियम पाठ करत बसू नका. एवढंच धरा, की चेंडू हातात असलेल्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं, नाहीतर चेंडू गेला. बाकी सगळं आवाजावरून कळेल. दोन भिंती एकमेकींवर आदळतात तेव्हा जो आवाज येतो तो टीव्हीवर कधीच येत नाही. प्लास्टिकचा कडकडाट, त्याखाली मांसाचा दबका धप्प, आणि त्याहीखाली बावीस जणांनी एकदम सोडलेला श्वास. थंडीत तो श्वास दिसतोसुद्धा.

नोटर डेमचं नशीब कालपासूनच फिरलंय. संघ आगगाडीने आला, आणि त्यांचा सर्वांत चपळ धावपटू निक एडी गाडीतून उतरताना बर्फावरून घसरला. आधीच दुखावलेला खांदा पुन्हा गेला. आज तो नुसता उभा आहे. आणि आता, सामन्याच्या चार पावांपैकी पहिल्याच पावात, त्यांचा क्वार्टरबॅक टेरी हॅनरॅटी चेंडू घेऊन धावतो आणि बब्बाच्या खाली सापडतो. तुमच्या आसपास जो चीत्कार उठतो त्यात आनंद आणि भीती वेगळी काढता येत नाही. हॅनरॅटी उठतो, पण त्याचा हात भलत्याच कोनात लोंबतोय. संपला त्याचा सामना.

त्याच्या जागी येतो कोली ओब्रायन. अंगाने किरकोळ. याच मोसमात त्याला मधुमेह असल्याचं कळलंय. रोज इन्शुलिन टोचून घेतो. जरा त्या बाजूच्या रेषेकडे नजर ठेवा. प्रत्येक वेळी बाहेर आला की कुणीतरी त्याच्या हातात संत्र्याचा रस आणि चॉकलेट देतं. 80 हजार माणसं त्याच्या विरुद्ध ओरडतायत, बब्बा त्याच्या दिशेने येतोय, आणि हा मुलगा साखर टिकवून धरत खेळतोय. मी मिशिगन स्टेटच्या बाजूचा आहे, लपवत नाही. पण या पोराकडे बघून माझा घसा दाटतो.

मिशिगन स्टेटचा रेजिस कॅव्हेंडर चार यार्डांवरून रेषा ओलांडतो. तुमची टोपी उडते, ती गेली, विसरा. मग हवाईहून आलेला डिक केनी मैदानात येतो आणि उजव्या पायातला बूट काढतो. हो, या थंडीत. अनवाणी पायाने तो 47 यार्डांवरून चेंडू मारतो, आणि तो दोन खांबांच्या मधून जातो. शेजारचा गृहस्थ तुम्हाला मिठी मारतो. त्याच्या गालाचे खुंट तुमच्या गालाला टोचतात. 10-0.

इथे सामना संपायला हवा होता. पण ओब्रायन लांबचा चेंडू टाकतो, बॉब ग्लॅडिओ तो गोलरेषेजवळ झेलतो, 10-7. मध्यंतर होतं, पाय बधिर होतात, तुम्ही बाकावर उभ्या-उभ्या नाचता, सगळेच नाचतायत. चौथ्या पावाच्या पहिल्याच चालीवर जो अझारो 28 यार्डांवरून गोल मारतो. 10-10.

आता शेवटची काही मिनिटं. गर्दीचा आवाज बदललाय, ऐकू येतंय का? मघाशी तो वर जात होता, आता तो दातांत अडकलाय. नोटर डेमचा टॉम शोन मध्येच चेंडू पळवतो आणि गोलपासून 18 यार्डांवर येऊन पोचतो. तुमच्या पुढच्या रांगेतली बाई तोंडावर हात घेते. पण मिशिगन स्टेटचा बचाव त्यांना मागे रेटतो, आणि अझारोचा पुढचा फटका चाळीसेक यार्डांवरून उडतो, वर, वर, आणि खांबाच्या किंचित उजवीकडून बाहेर. 80 हजार छात्या एकदम रिकाम्या होतात.

मग जे होतं, त्यासाठी तुम्हाला इथे आणलंय.

आधी मिशिगन स्टेटचा चौथा प्रयत्न. पुढे चार यार्ड हवेत, घड्याळात दोन मिनिटांहून कमी. डॉगर्टी धोका घेत नाहीत. चेंडू लांब लाथाडून देतात. ही गोष्ट पुढे सगळे विसरतील, तुम्ही विसरू नका. चेंडू नोटर डेमकडे, त्यांच्याच 30 यार्डांच्या रेषेवर. एक मिनिट दहा सेकंद शिल्लक. आता ते लांब चेंडू टाकतील, शर्थ करतील, निदान तुम्हाला तरी तसं वाटतंय. पण ओब्रायन चेंडू देतो तो धावपटूच्या हातात, सरळ मध्यात. पुन्हा मध्यात. घड्याळ पळतंय. समोरच्या रांगेतून मिशिगन स्टेटचे खेळाडू त्यांना हिणवतायत, खेळा की, घाबरलात का. एकदा चौथ्या प्रयत्नावर ते एका यार्डासाठी धोका घेतात, आणि मिळवतातही. मग एकदाच चेंडू टाकायचा बेत दिसतो, पण बब्बा ओब्रायनला चेंडूसकट सात यार्ड मागे आपटतो. आणि शेवटची चाल पुन्हा तीच, धावपटू, मध्यात, संपलं.

आधी कुणाला कळतच नाही. मग हूऽऽ सुरू होतं. तुमच्या शेजारच्या गृहस्थाचा आवाज आता उरलेला नाही, तरी तो हूऽऽ करतोय. खाली खेळाडू मैदानावर तसेच उभे आहेत. कुणाला हस्तांदोलन करावं, कुणाला नाही, काही समजत नाही. कॉलेज फुटबॉलमध्ये जादा वेळ नाही, तो यायला अजून तीस वर्षं आहेत. एवढी हाडं मोडून, एवढे घसे फाडून निकाल लागलाच नाही.

नोटर डेमचे प्रशिक्षक अरा पार्सेगियन यांना यानंतर आयुष्यभर भित्रा म्हणून टोमणे खावे लागले. मला ते पटत नाही. त्यांचा क्वार्टरबॅक थकून गेला होता, काही प्रमुख खेळाडू जायबंदी होते, आणि एक चेंडू चुकून समोरच्याच्या हातात पडला असता तर अनवाणी केनी तयारच होता. त्यांनी हिशेब केला आणि तो हिशेब बरोबर होता. चूक त्या हिशेबाच्या मांडणीत होती. हरलो तर मतदार खाली ढकलतील; बरोबरी झाली तर पहिले आहोत ते पहिलेच राहू. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये अजून मोजलीसुद्धा न गेलेली मतं त्या शेवटच्या मिनिटात मैदानावर उतरली होती, आणि प्रत्येक चालीच्या आधी त्यांनीच चेंडू कुठे जायचा ते सांगितलं. खेळाडू विजेतेपदासाठी खेळत होते, पण विजेतेपद देणारे प्रेक्षकांत बसलेलेही नव्हते.

काही थोडे होते. चला, वर प्रेस बॉक्समध्ये जाऊ.

जिना चढताना धुराचा पट्टा लागतो. आत उष्मा आहे, तुमचा चष्मा धुकटतो. शेकडो टाइपरायटर एकदम चालू आहेत. तो आवाज पत्र्यावरच्या गारांपेक्षा कमी नाही. कार्बन पेपरची निळी बोटं, टायची सैल गाठ, अर्धवट खाल्लेलं सँडविच, फोनवर ओरडून शब्द न शब्द सांगणारे लोक. तार पाठवणारे कारकून कागद हिसकावून घेतायत. यातल्या कुणाच्याही चेहऱ्यावर आनंद नाही. शतकातला सर्वांत मोठा सामना म्हणून आठवडाभर डंका पिटला, आता पहिल्या ओळीत काय लिहायचं? एक म्हातारा पत्रकार कागद फाडतो, नवा सरकवतो. त्याच्याकडे मत आहे. त्याने आज डोळ्यांनी बघितलंय. पण त्याच्या मताची किंमत, हा सामना ज्याने रेडिओच्या खरखरीतून ऐकला त्याच्या मताइतकीच.

असोसिएटेड प्रेसची मतं मोजली जातात आणि नोटर डेम पहिल्या जागेवरच राहतं. पुढच्या शनिवारी ते लॉस एंजेलिसला जाऊन सदर्न कॅलिफोर्नियाचा 51-0 असा फडशा पाडतात. मतदारांना पुरावा हवा होता, मिळाला. मिशिगन स्टेटला पुरावा द्यायला सामनाच उरलेला नाही. त्यांचा मोसम त्या बरोबरीवरच संपलाय. रोझ बोल हा नववर्षाचा मोठा सामना त्यांना बंद, कारण त्यांच्या बिग टेन संघटनेत सलग दोन वर्षं तिथे जायची मुभा नाही आणि दुसऱ्या कुठल्या बोलला जायचीही नाही. त्यांच्याऐवजी जातो पर्ड्यू, ज्याला त्यांनी 41-20 असं हरवलं होतं. नोटर डेम तर 1925 पासून बोल सामने खेळतच नाही. दोघांचे दरवाजे दोन वेगळ्या नियमांनी लावून घेतलेले. त्या मुलांचं मला फार वाईट वाटतं. बब्बा, वेबस्टर, क्लिंट जोन्स, जीन वॉशिंग्टन: पुढच्या वर्षी व्यावसायिक संघांनी पहिल्या आठ निवडींतच या चौघांना उचललं. आणि यांना कॉलेजमधला आणखी एक शनिवार मिळाला नाही.

आता कोट काढा. दक्षिणेला जायचंय.

अलाबामा राज्य, बर्मिंगहॅम शहर, डिसेंबरचा पहिला आठवडा. हवा मऊ आहे, आणि तिला पोलादाच्या भट्ट्यांची करपट चव आहे. रस्त्यावरच्या एका खानावळीत शिरा. डुकराच्या चरबीत तळल्याचा वास, कॉफी, आणि ताटलीत मक्याच्या कण्यांची खारी, लोणी घातलेली पेज, जिला इथे ग्रिट्स म्हणतात. तुम्ही सावळे आहात. दारातून आत येताना बोलणं क्षणभर थांबतं. दोन वर्षांपूर्वीच्या कायद्याने तुम्हाला या उंच स्टुलावर बसता येतं, पण नजरा कायदा वाचत नाहीत. बसा. कॉफी येईल, जरा उशिरा येईल.

सगळ्यांच्या हातात वर्तमानपत्र आहे आणि सगळे संतापलेत. शनिवारी याच शहरात, लीजन फील्डवर, अलाबामाने ऑबर्नला 31-0 धुतलं. दहा सामने, दहा विजय. त्यांपैकी सहांमध्ये समोरच्याला एक गुणही नाही. गेल्या दोन वर्षांचे विजेतेही हेच. आणि शेवटच्या यादीत क्रमांक तिसरा! वर कोण? ज्यांना एकमेकांना हरवता आलं नाही ते दोघे. टोपी मागे सारून एक ट्रकवाला हात आपटतो, तेव्हा कपातली कॉफी बशीत सांडते. त्याचं म्हणणं सोपं आहे: आम्ही हरलो नाही, आम्ही बरोबरीतही थांबलो नाही, मग आम्ही तिसरे कसे? टेनेसीविरुद्धच्या सामन्याची गोष्ट तो तुम्हाला सांगतो, मुसळधार पाऊस, चिखल, 11-10. तो प्रत्येक थेंब सांगतो. प्रशिक्षक पॉल ‘बेअर’ ब्रायंट यांचं नाव इथे देवाच्या नावासारखं घेतात, आवाज जरा खाली आणून.

त्याच्या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नाही. माझ्याकडेही नाही. खेळाच्या नियमाने बघितलं तर तो बरोबर बोलतोय.

पण खिडकीपलीकडे स्वयंपाकघरात बशा विसळणारा माणूस दिसतोय? काळा, पन्नाशीचा, मान खाली. बोलणं त्याला ऐकू येतंय. ब्रायंट यांच्या संघात एकही काळा खेळाडू नाही. देशातल्या इतर भागांतल्या मतदारांच्या मनात हेही असणार, कितींच्या ते कोण सांगणार. यादीत कारण लिहायची सोय नसते. मतदार फक्त एक, दोन, तीन लिहितो. कुणी सामन्यांचा दर्जा मोजला असेल, कुणी जुनं नाव बघितलं असेल, कुणाला दोनदा जिंकलेल्यांना तिसऱ्यांदा द्यायचं नसेल. ट्रकवाल्याला कुणाशी भांडावं हेच कळत नाही, आणि बब्बाला घर सोडावं लागलं त्याचा जाब तर कुणीच कुणाला विचारत नाही. बशा विसळणारा नळ बंद करतो, हात पुसतो, पुढची रास ओढतो. कॉफीचे पैसे ठेवा, वर थोडे त्याच्यासाठी ठेवा. चला.

शेवटचा मुक्काम न्यू ऑर्लिन्स. 2 जानेवारी 1967, ट्युलेन स्टेडियम, शुगर बोल. इथे हवा दमट आहे, शिंपल्यांचा खारट वास, तळलेल्या पिठाच्या गरम बेन्येंवरची पिठीसाखर तुमच्या अंगभर. अलाबामासमोर नेब्रास्का. पहिल्याच चालीत केन स्टेबलर चेंडू टाकतो, रे पर्किन्स झेलतो, 45 यार्ड. तुम्हाला बसायलाही वेळ मिळालेला नाही. 34-7. अकरा सामने, अकरा विजय. प्रेक्षक तर्जनी आभाळाकडे रोखून ‘आम्हीच पहिले’ ओरडतायत, हजारो तर्जन्या. आणि हे सगळं हिशेबात येणारच नाही. दोन्ही वृत्तसंस्थांची अंतिम मतं महिनाभरापूर्वीच मोजून झाली आहेत! आजचा सामना कुणी मनापासून बघितला, त्याने मत बदललं, तरी ते देण्याची जागा नाही.

तुम्हाला पुढचं सगळं ठाऊक आहे; जीभ आवरा. 1968 पासून असोसिएटेड प्रेस कायमची बोल सामने झाल्यावरच शेवटची मतं घेईल. 1990 मध्ये कोलोराडोला मिझुरीविरुद्ध पंचांच्या चुकीने पाचवा प्रयत्न मिळेल, त्यावर तो सामना जिंकेल, आणि मोसमाअखेर पत्रकार कोलोराडोला तर प्रशिक्षक एका गुणाच्या फरकाने जॉर्जिया टेकला विजेता म्हणतील. संगणक येतील, मग निवड समिती आणि 2014 च्या मोसमापासून चार संघांची बाद फेरी. 2023 मध्ये तेराच्या तेरा सामने जिंकलेल्या फ्लोरिडा स्टेटला त्या चारांत जागा मिळणार नाही, कारण त्यांचा क्वार्टरबॅक जायबंदी झालेला असेल. मग चाराचे बारा होतील. दारात नेहमी कुणीतरी उभं राहीलच, पण निदान आतले तरी एकमेकांशी खेळतील. एवढं व्हायला बब्बाची पिढी म्हातारी झाली. 2011 मध्ये तो गेलासुद्धा.

स्टेडियममधून बाहेर पडा, ट्रामने गावात या. बूर्बाँ स्ट्रीटवर चालायला जागा नाही. ट्रम्पेट, सांडलेली बिअर, लाल स्वेटर, घाम. कुणीतरी तुमचा खांदा पकडतं. तोच ट्रकवाला! बर्मिंगहॅमहून रात्रभर गाडी हाकत आलाय. तो तुम्हाला एका शिंपल्यांच्या गाड्याकडे ओढतो, लिंबू पिळलेला एक शिंपला तुमच्या तळहातावर ठेवतो, आणि ऐकतो की तुम्ही ईस्ट लान्सिंगलाही होता.

“मग सांग,” तो ओरडतो, कारण मागे बँड वाजतोय, “तू तिघांना बघितलंस. कोण पहिला?”

शिंपला गिळा. थंड, खारट, सरकन उतरतो. आणि त्याला खरं ते सांगा, की मला अजून दोन शनिवार द्या, तिघांना एकमेकांसमोर उभं करा, मग सांगतो. तो क्षणभर तुमच्याकडे बघतो, मान हलवतो, आणखी चार शिंपले मागवतो आणि टेनेसीच्या पावसापासून पुन्हा सुरुवात करतो.